फेज घुसला की एमआरएनए कोण फाडतं, आणि कुणाच्या फायद्यासाठी?

सात_रस्ता (धागाकर्ती) · रवि., रात्री ९:५०

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकांत बॅक्टेरिओफेजचं, म्हणजे जीवाणूंना लागणाऱ्या विषाणूचं, जीवनचक्र पाच चित्रांत उरकलेलं असतं. चिकटला, डीएनए आत सोडला, नवे फेज बांधले, पेशी फोडली, बाहेर. मधल्या पंचवीस-तीस मिनिटांत आत जे काय रामायण घडतं त्याच्या वाट्याला एक ओळ येते: 'फेज यजमान पेशीची यंत्रणा ताब्यात घेतो.' ताब्यात घेतो म्हणजे नक्की काय करतो? परीक्षेला येत नाही, म्हणून पोरं विचारत नाहीत. पोरं विचारत नाहीत, म्हणून आम्ही शिकवत नाही.

आज त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल लिहिते: एमआरएनएचं, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं हा डीएनएचा निरोप नेणाऱ्या संदेशाचं, तुटणं. हे आपल्याकडे झाडलोट म्हणून शिकवलं जातं, काम संपलं की कचरा काढायचा. माझं म्हणणं असं की फेजच्या लागणीत एमआरएनए फाडणं हेच मोठं शस्त्र आहे आणि ते दोन्ही बाजूंच्या हातात आहे. कधी कधी तर तेच एक शस्त्र आळीपाळीने.

आधी धडधाकट ई. कोलाय (आतड्यात राहणारा जीवाणू) घेऊ. तिच्यात बहुतेक एमआरएनएचं आयुष्य काही मिनिटांचं. सुरुवातीचा घाव बहुतेक वेळा आरएनेज ई नावाचं एन्झाइम घालतं. ते पेशीच्या आतल्या पटलाला चिकटून असतं. त्याचा एक अर्धा भाग कापायचं काम करतो. उरलेला अर्धा इतरांना धरून ठेवतो: आरएनएचे पीळ सोडवणारं आरएचएलबी, टोकाकडून कुरतडणारं पीएनपेज, आणि गंमत म्हणजे एनोलेज, जे एरवी साखर जाळायच्या कामावर असतं. या सगळ्या टोळीला डिग्रेडोसोम म्हणतात. आरएनेज ई मधेच कुठेतरी तोडतं, मग पीएनपेज आणि आरएनेज टू हे ३' टोकाकडून (शेपटीकडून) तुकडे खात येतात. अगदी शेवटचे दोन-चार अक्षरांचे तुकडे ऑलिगोरायबोन्यूक्लिएज संपवतं. सुटी झालेली अक्षरं पुन्हा वापरात.

आता टी४ हा ई. कोलायवरचा फेज आत आला. त्याचा डीएनए सुमारे १ लाख ६९ हजार अक्षरांचा, जनुकं तीनशेच्या आसपास. त्याच्या डीएनएत साधं सायटोसिन नसतंच, त्याच्या जागी हायड्रॉक्सिमिथाइल सायटोसिन असतं आणि त्यावर साखर चढवलेली असते. त्यामुळे आपलं कुठलं आणि परकं कुठलं हे त्याच्या प्रथिनांना ओळखता येतं. एएलसी नावाचं प्रथिन साध्या सायटोसिनच्या डीएनएवर, म्हणजे ई. कोलायच्या डीएनएवर, चाललेलं लिप्यंतरण (डीएनएवरून आरएनए उतरवणं) मधेच थांबवतं. पेशीचे नवे संदेश बंद.

जुन्या संदेशांचं काय? त्यासाठी टी४ एसआरडी नावाचं प्रथिन बनवतो. हे प्रथिन आरएनेज ईला जाऊन भिडतं आणि त्याचं काम वाढवतं. पेशीचंच एन्झाइम, पेशीचेच संदेश, चालवणारा मात्र बाहेरचा.

आज इथेच थांबते. पुढची गोष्ट याहून रंगतदार आहे, पण आधी प्रश्न येऊ देत.

---

कडक_भाकरी · रवि., रात्री १०:०५

पहिला! दोनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा भूक लागली. फक्त एक सांगा, हा फेज माणसाला होतो का?

---

सात_रस्ता · रवि., रात्री १०:११

नाही होत. तो जीवाणूंचा विषाणू आहे. तुमच्या पोटात आत्ता या घडीला भरपूर असतील, शेंगाचटणीबरोबर सुखाने नांदतायत.

---

मागवाला · रवि., रात्री ११:२०

ताई, मी पूर्व भागातला. आमच्याकडे चादरीचे माग होते, म्हणून माझ्या भाषेत मांडून बघतो, बरोबर का ते सांगा. जकार्डवर डिझाइनचे पुठ्ठ्याचे पत्ते असतात, भोकं पाडलेले, एकाला एक ओवून माळ केलेली. भोक असेल तिथला हुक उचलतो, नसेल तिथला उचलत नाही, तशी नक्षी उठते. मूळ ग्राफ कपाटात असतो, मागावर चढतात ते पत्ते. म्हणजे ग्राफ हा डीएनए, पत्ते हे एमआरएनए आणि माग हा रायबोसोम. नवा मालक आला, त्याने ग्राफचं कपाट बंद केलं (तुमचं एएलसी), मागावरचे जुने पत्ते फाडले (एसआरडी) आणि आपले चढवले. माग तोच, कामगार तेच. जमतंय का?

---

सात_रस्ता · सोम., सकाळी ७:३०

वर्गात चोरून वापरणार मी हे. दोन ठिकाणी मात्र जुळत नाही. पत्त्यांचा एक संच वर्षानुवर्षं चालतो, एमआरएनए मिनिटांत जातो. आणि एका एमआरएनएवर एकाच वेळी अनेक रायबोसोम ओळीने चालतात, एक संच अनेक मागांवर एकदम चढवावा तसे. ही दुसरी गोष्ट पुढे उपयोगी पडेल, कारण रायबोसोमांची दाटी असली की कापणाऱ्या एन्झाइमला शिरायला जागा मिळत नाही. उघडा पडलेला आरएनए लवकर मरतो.

---

सिकंदराबाद_पॅसेंजर · सोम., सकाळी ९:१५

मूळचा सोलापूरचा, सध्या हैदराबादला आरएनएवरच काम करतो. लेख छान, पण एका जागी अडलो.

एएलसीने नवे संदेश बंद केले. जुने काही मिनिटांत आपोआप मरणारच आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. मग एसआरडीची गरज काय? कदाचित यजमानाचे संदेश फाटणं हा निव्वळ आनुषंगिक परिणाम असेल आणि आपण त्यात डावपेच बघत असू. जीवशास्त्रात आपल्याला प्रत्येक गोष्टीत हेतू दिसतो, ही जुनी खोड आहे.

---

सात_रस्ता · सोम., रात्री ९:४०

प्रश्न रास्त आहे. 'काही मिनिटं' ही सरासरी. सगळे संदेश सारखे नसतात. ओम्प-ए या बाह्यपटलातल्या प्रथिनाचा एमआरएनए घ्या. जोमात वाढणाऱ्या ई. कोलायमध्ये त्याचं अर्धायुष्य पंधरा मिनिटांच्या आसपास असतं, कारण ५' टोकाला (सुरुवातीला) त्याची घट्ट गाठ असते आणि आरएनेज ईला ते टोक धरता येत नाही. दुसरा एलपीपी, हाही टिकाऊ. आणि एलपीपी म्हणजे किरकोळ प्रथिन नव्हे, संख्येने मोजलं तर ई. कोलायमधल्या सर्वांत मुबलक प्रथिनांपैकी एक. म्हणजे असे संदेश थोड्या जातींचे, पण रायबोसोमांचा मोठा हिस्सा अडवून बसलेले.

टी४ला ३७ अंशांवर एकूण वेळ किती? पंचवीस-तीस मिनिटं. ओम्प-ए आपल्या मरणाने मरायची वाट बघितली तर निम्मं आयुष्य गेल्यावरही अर्धे संदेश शिल्लक. प्रत्यक्षात टी४ची लागण झाली की हे टिकाऊ संदेशही झपाट्याने नाहीसे होतात, हे मोजलेलं आहे. आपोआप होणाऱ्या गोष्टीसाठी खास प्रथिन कशाला सांभाळेल तो?

हेतूबद्दलचा तुमचा इशारा मात्र मान्य, आणि त्याचं उदाहरणही देते. टी४चं रेगबी नावाचं स्वतःचं एन्झाइम आहे. ते जीजीएजी या चार अक्षरांच्या मधोमध कापतं. ही अक्षरं बहुधा रायबोसोम जिथे बसतो त्याच जागेत असतात. म्हणजे कापलं की तो संदेश वाचताच येत नाही. आणि ते कापतं कुणाचे संदेश? टी४चेच! लागणीच्या पहिल्या काही मिनिटांतले, ज्यांचं काम झालंय असे. आपलेच सुरुवातीचे संदेश पुसून मधल्या टप्प्याला वाट करून द्यायची. ऐकायला किती सुरेख. पण रेगबी काढून टाकला तरी प्रयोगशाळेत टी४ वाढतो. तेव्हा 'हे नसेल तर फेज मेला' असं प्रत्येक ठिकाणी म्हणू नये. पोषक द्रवात, ३७ अंशांवर, खाऊन-पिऊन सुखी असलेल्या ई. कोलायमध्ये जे नडत नाही ते गटारात नडत असेल. नसेलही.

---

निवृत्त_मास्तर · सोम., रात्री १०:३०

थोडा इतिहास जोडतो, कारण या विषयाचं नातं फार जुनं आहे. एमआरएनए अस्तित्वात आहे हे जगाला कळलं तेच मुळी फेजच्या लागणीमुळे.

१९५६ मध्ये अमेरिकेत ओक रिज इथे वोल्किन आणि ॲस्ट्राकान यांनी टी२ फेजची लागण झालेल्या ई. कोलायला किरणोत्सारी फॉस्फरस दिला. पेशीतला एकूण आरएनए वाढला नाही, पण एक छोटासा वाटा भराभर बनत होता आणि भराभर मोडत होता. त्यातल्या अक्षरांचं प्रमाण ई. कोलायशी न जुळता फेजच्या डीएनएशी जुळत होतं. त्या वेळी त्याचा पूर्ण अर्थ कुणाला लागला नाही.

१९६० च्या गुड फ्रायडेला केंब्रिजमध्ये ब्रेनर, क्रिक, जेकब वगैरे मंडळी गप्पा मारत बसली असताना डोक्यात उजेड पडला की तो भराभर मोडणारा आरएनए हाच निरोप्या. त्याच उन्हाळ्यात ब्रेनर आणि जेकब कॅल्टेकला मेसेल्सनकडे गेले. ई. कोलायला जड कार्बन आणि जड नायट्रोजनवर वाढवलं, म्हणजे रायबोसोम जड झाले. मग टी४ची लागण करून हलक्या माध्यमात टाकलं. फेजने स्वतःचे रायबोसोम बनवले असते तर ते हलके निघाले असते. निघाला तो फेजचा नवा आरएनए, जुन्या जड रायबोसोमांवर बसलेला. मधे सगळं फसत चाललं होतं, जड-हलके वेगळे करायच्या सीझियम क्लोराइडच्या द्रावणात रायबोसोम विस्कटत होते. मॅग्नेशियम वाढवल्यावर जमलं. मे १९६१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं.

एक तळटीप: सात_रस्ता यांनी पीएनपेजचा उल्लेख केला. ते १९५५ मध्ये मारियान ग्रुनबर्ग-मानागो यांना ओचोआंच्या प्रयोगशाळेत सापडलं, तेव्हा आरएनए *बनवणारं* एन्झाइम म्हणून त्याचा गाजावाजा झाला. परीक्षानळीत ते खरोखरच आरएनए बनवतं. पेशीत त्याचं मुख्य काम मात्र नेमकं उलटं. ओचोआंना १९५९ चं नोबेल मिळालं. मारियानबाईंना नाही, ही रुखरुख मला आजही आहे.

---

डाळिंब_सांगोला · मंगळ., सकाळी ६:१०

नमस्कार मॅडम. माझं शिक्षण बारावी सायन्स, पुढं शेती. डाळिंबाची बाग हाय. धागा सगळा वाचला, निम्मा डोक्यावरनं गेला, पण एक विचारायलोय. तेल्या रोग जीवाणूमुळंच होतो नव्हं? मग असा त्याचा फेज फवारला तर तेल्या जाईल का? स्ट्रेप्टो आणि बोर्डो मारून मारून बेजार झालोय. सांगोल्यात एक जण 'जैविक फेज' म्हणून बाटली विकायलाय, भाव विचारू नका.

---

कडक_भाकरी · मंगळ., सकाळी ८:००

हा खरा सोलापुरी प्रश्न. १९६१ वरून थेट बागेत.

---

एमेस्सी_भाग२ · मंगळ., दुपारी १:२५

मॅडम, मला सेमिनारला हाच विषय मिळालाय, धागा देवासारखा धावून आला. एक शंका. तुम्ही म्हणालात शस्त्र दोन्ही बाजूंच्या हातात आहे. आत्तापर्यंत तर फेजच फाडतोय. पेशीच्या बाजूने कोण फाडतं?

---

सात_रस्ता · मंगळ., रात्री १०:१५

डाळिंब_सांगोला दादा, तुमचं उत्तर उद्या नीट देते, घाईत देण्यासारखं नाही. तोवर ती बाटली घेऊ नका.

एमेस्सी_भाग२, ऐक. हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे, सेमिनारचा निम्मा वेळ इथे घाल.

ई. कोलायमध्ये आरएनएलए आणि आरएनएलबी अशी जोडी असते. आरएनएलए हे एमआरएनए कापणारं एन्झाइम, त्याच्या कामाला आरएनेज एलएस म्हणतात. आरएनएलबी त्याला अडवून धरतं. अशा जोडीला विष-प्रतिविष जोडी म्हणतात, पहिलं विष, दुसरं उतारा. यातली ग्यानबाची मेख अशी की विष टिकाऊ आहे आणि उतारा नाशवंत. पेशीतले प्रोटिएज (प्रथिनं मोडणारी एन्झाइम) उताऱ्याला सतत मोडत असतात. पेशी धडधाकट असेल तर नवा उतारा सतत बनत राहतो आणि विष दबलेलं राहतं.

आता टी४ येतो आणि पहिलं काम काय करतो? पेशीचे नवे संदेश बंद. म्हणजे नवा आरएनएलबी बनणं बंद. होता तो बघता बघता संपतो. आरएनएलए मोकळं सुटतं आणि समोर दिसेल तो एमआरएनए कापत सुटतं. आता समोर आहेत कुणाचे? टी४चेच, कारण पेशीचे त्याने आधीच संपवलेत. बघ, पेशीला फेज आलाय हे वेगळं ओळखावंही लागत नाही. फेजने यंत्रणा ताब्यात घेण्यासाठी केलेली पहिली कृती हाच घोडा दाबण्याचा इशारा.

मग टी४ जगतो कसा? त्याच्याकडे डीएमडी नावाचं छोटंसं प्रथिन आहे. ते आरएनएलएला जाऊन चिकटतं आणि ठप्प करतं. म्हणजे पेशीचा उतारा संपला तर फेज स्वतःचा उतारा घेऊन येतो! हे कळलं ते उलट्या बाजूने. जपानमधल्या योनेसाकी यांच्या गटाने १९९६ मध्ये टी४च्या जनुक ६१.५ मध्ये बिघाड असलेला फेज तपासला. त्याचं काहीच धड होत नव्हतं. सुरुवात ठीक, पण मधल्या आणि शेवटच्या टप्प्यातले त्याचे एमआरएनए तुकडे तुकडे होऊन पडत होते, प्रथिनं बनत नव्हती. ६१.५ म्हणजेच डीएमडी. पुढे तीच लागण आरएनएलए नसलेल्या ई. कोलायमध्ये करून बघितली, तर तो बिघडलेला फेज वाढला. पुरावा असा हवा.

गंमत अजून आहे. ओ१५७:एच७ हा विषबाधा करणारा ई. कोलायचा प्रकार असतो ना, त्याच्या प्लाझ्मिडवर (मुख्य डीएनएहून वेगळ्या छोट्या डीएनए-कड्यावर) एलएसओए नावाचं आरएनएलएचं भावंड आहे. डीएमडी त्यालाही अडवतं. एक किल्ली, दोन कुलपं.

---

सिकंदराबाद_पॅसेंजर · मंगळ., रात्री ११:०५

हे वाचून मी माझा आक्षेप अर्धा मागे घेतो, अर्धा ठेवतो. आता माझ्याकडून भर.

'फेज आला की संदेश फाडतो' हे टी४चं झालं. टी७ बरोबर उलटं करतो. त्याचं स्वतःचं आरएनए पॉलिमरेज (आरएनए बनवणारं एन्झाइम) आहे आणि ते भन्नाट वेगवान, सेकंदाला दोनशेच्या वर अक्षरं. ई. कोलायचं त्या मानाने चाळीस-पन्नासच. रायबोसोम त्या वेगाने मागे धावू शकत नाहीत, म्हणून टी७चा एमआरएनए लांबच लांब उघडा पडतो. वर सात_रस्ता यांनी लिहिलंय, उघडा पडलेला लवकर मरतो. म्हणून टी७ आपल्या ०.७ या जनुकापासून एक कायनेज बनवतो. ते आरएनेज ईच्या त्या दुसऱ्या अर्ध्यावर, इतरांना धरून ठेवणाऱ्या भागावर, आणि आरएचएलबीवर फॉस्फेट चढवतं. परिणाम: टी७चे संदेश टिकतात. टी४ आरएनेज ईला चिथावतो, टी७ त्यालाच लगाम घालतो.

तिसरा नमुना म्हणजे स्यूडोमोनास या दुसऱ्या जीवाणूवरचा फाय-केझेड हा राक्षसी फेज. त्याचं डिप नावाचं प्रथिन आरएनेज ईच्या आरएनए धरणाऱ्या जागांवरच जाऊन बसतं आणि अख्खी टोळी थंड करतं. डिपचं नातं ना टी७च्या कायनेजशी, ना टी४च्या कशाशी. वेगवेगळ्या घराण्यांतले फेज वेगवेगळ्या वाटांनी एकाच एन्झाइमच्या दाराशी आलेत. यावरूनच त्या एन्झाइमचं मोल कळावं.

आणि एमेस्सी_भाग२, पीआरआरसी हे एन्झाइम सोडू नकोस. ते काही ई. कोलायमध्ये असतं आणि एमआरएनएऐवजी लायसिनचा टीआरएनए (रायबोसोमपाशी लायसिन हे अमिनो आम्ल आणून देणारा आरएनए) अँटिकोडॉनपाशी, म्हणजे संदेशातली अक्षरं ओळखणाऱ्या जागी, कापतं. एक टीआरएनए गेला की सगळ्याच संदेशांचं वाचन अडतं. टी४ काय करतो? कापलेला टीआरएनए चक्क शिवतो! त्याचं पीएनके हे एन्झाइम टोक नीट करतं, आरएनए लायगेज जोडतं. आपण सगळे डबी उघडून टी४ पीएनके आणि टी४ लायगेज वापरतो, बिल भरतो, पण ही एन्झाइम फेजला मुळात कशाला लागतात हे किती जणांना ठाऊक असतं?

---

नवी_पेठ_नाना · बुध., सकाळी ७:५०

एमआरएनए म्हणजे तेच ना, करोनाच्या लशीतलं? मग ते आपल्या पेशीतही असंच फाटतं का? व्हॉट्सॲपवर तर म्हणत होते कायमचं शरीरात राहतं.

---

सात_रस्ता · बुध., सकाळी ८:२०

नाना, फाटतं. एमआरएनएचं फाटणं हा नियमच आहे. लशीत एका अक्षराचं रूप बदलून आणि टोकं झाकून त्याला थोडं टिकाऊ केलेलं असतं, इतकंच. आपल्या पेशीतले विषाणूही हाच डाव खेळतात: करोनाचं एनएसपी१, इन्फ्लुएंझाचं पीए-एक्स, यजमानाचे संदेश फाडण्यासाठी. पण ती यंत्रं वेगळी आहेत, तो वेगळा धागा होईल. या धाग्यात लसवाद नको, कृपया.

---

कडक_भाकरी · बुध., सकाळी ९:००

नाना, व्हॉट्सॲपवरचे मेसेज मात्र कायमचे राहतात. त्यांचं आरएनेज अजून निघालं नाही.

---

सात_रस्ता · बुध., रात्री ९:००

डाळिंब_सांगोला दादा, आता तुमचं.

हो, तेल्या झँथोमोनास या जीवाणूमुळे होतो आणि झँथोमोनासला लागणारे फेज निसर्गात आहेत. कल्पना खुळी नाही. अमेरिकेत टोमॅटो आणि मिरचीवरच्या जीवाणूजन्य ठिपक्यांसाठी ॲग्रिफेज नावाचं उत्पादन २००५ मध्ये नोंदणीकृत झालं, तोही झँथोमोनासचाच रोग.

पण अडचणी ऐका. एक, फेज फार निवडक असतो. टोमॅटोवरच्या झँथोमोनासचा फेज डाळिंबावरच्याला लागेलच असं नाही. तुमच्या बागेतल्या जातीला लागतो का ते आधी ताटलीत तपासावं लागतं. दुसरी म्हणजे ऊन. अतिनील किरणांनी पानावरचा फेज काही तासांत निकामी होतो. आपल्या सोलापूरच्या उन्हात तर विचारूच नका. म्हणून जिथे वापरतात तिथे संध्याकाळी फवारतात. तिसरी ही या धाग्यातली: फेज आत शिरला म्हणजे जीवाणू मेला असं नसतं. वर जी विष-उताऱ्याची जोडी सांगितली तशा जोड्या आणि इतर कितीतरी बचाव जीवाणूंमध्ये असतात. फेज आत जातो, त्याचे संदेश फाटतात, कारभार तिथेच आटोपतो. म्हणून एकाऐवजी अनेक फेजचं मिश्रण वापरतात.

बाटलीवर कुठल्या जीवाणूचा फेज, मिलिलिटरला किती, कुठे चाचणी झाली, नोंदणी क्रमांक काय, हे नसेल तर ते पाणी समजा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आपल्याच गावात. बाटली घेऊन तिथे जाऊन विचारा.

---

डाळिंब_सांगोला · बुध., रात्री ९:३५

लई आभार मॅडम. बाटलीवर नुसता डाळिंबाचा फोटो हाय आणि 'शंभर टक्के गुण' लिहिलंय. बाकी काय न्हाई.

---

मागवाला · बुध., रात्री १०:२०

ताई, हे सगळं मिनिटामिनिटाचं चाललंय. मोजतात कसं? मिनिटात मरणारी वस्तू डोळ्याला दिसत नाही, पकडता कशी?

---

सात_रस्ता · गुरु., रात्री १०:००

हे सांगायला मला फार आवडतं.

साध्या पेशीत रिफॅम्पिसिन टाकतात, तेच टीबीच्या गोळ्यांतलं. ते जीवाणूचं आरएनए पॉलिमरेज बंद करतं. नवा आरएनए बनणं थांबलं की असलेला किती वेगाने कमी होतो ते मोजायचं. दर एक-दोन मिनिटांनी थोडा द्रव काढायचा आणि लगेच पेशी मारायच्या, नाहीतर नळीतही कापाकापी चालूच राहते. मग त्यातून आरएनए काढायचा, जेलवर पळवायचा, पटलावर उतरवायचा आणि हव्या त्या संदेशाशी जुळणारी खूण लावून बघायची. शून्य मिनिटाला ठसठशीत पट्टा, चार मिनिटांना फिका, आठला सावलीसारखा. फेजच्या लागणीत याच्या जोडीला पट्ट्याखाली नवे छोटे तुकडे दिसू लागतात. कुठे कापलं ते त्या तुकड्यांच्या लांबीवरून काढता येतं.

हे काम मे महिन्यात करणं म्हणजे तपश्चर्या. घामात, बोटांवर, टेबलावर आरएनेज असतात, आणि ती इतकी चिवट की उकळूनही पुरती जात नाहीत. हातमोजे घातले की आत घामाची डबकी, काढले की नमुना गेला. पंखा लावावा तर धूळ. फेज मोजायच्या ताटल्या मात्र आपल्या हवामानात झकास होतात. मऊ अगार पंचेचाळीस अंशांवर पातळ ठेवावं लागतं, त्यात जीवाणू आणि फेज मिसळून घट्ट अगारवर ओतायचं. थंडीत ओतता ओतता गुठळ्या होतात, उन्हाळ्यात मजेत पसरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीवाणूंच्या दुधी थरात स्वच्छ गोल भोकं. टी७ची मोठी, वाढत जाणारी. टी४ची लहान, कडा धूसर. डीएमडी बिघडलेला टी४ साध्या ई. कोलायवर ओतला तर थर जवळजवळ अखंड, आरएनएलए नसलेल्यावर ओतला तर भोकंच भोकं. या दोन ताटल्या शेजारी शेजारी ठेवल्या की व्याख्यानाची गरज उरत नाही.

---

एमेस्सी_भाग२ · शुक्र., सकाळी १०:४०

मॅडम, आज सराव झाला. सरांनी अडवलं ते दोन प्रश्न: आरएनएलबीला मोडणारे प्रोटिएज नेमके कोणते, आणि कॅस१३ या विषयात येतं का?

---

सिकंदराबाद_पॅसेंजर · शुक्र., सकाळी ११:३०

मॅडम तासावर असतील, मी सांगतो. लॉन आणि क्लिप-एक्सपी. दोन्ही पेशीचेच, रोजच्या कामातले.

कॅस१३ येतं, आणि जोरात येतं. ते क्रिस्परच्या (जीवाणूंच्या फेज ओळखून कापणाऱ्या बचावयंत्रणेच्या) घराण्यातलं, पण डीएनएऐवजी आरएनए कापणारं. फेजचा संदेश मार्गदर्शक आरएनएशी जुळला की ते जागं होतं, आणि एकदा जागं झालं की आपलं-परकं न बघता आजूबाजूचे सगळेच आरएनए कापतं. पेशी मरगळते, वाढ थांबते. फेजलाही वाढायला काही मिळत नाही, शेजारच्या बहिणी वाचतात. लिस्टेरिया या जीवाणूत हे २०१९ मध्ये मेस्की आणि मॅराफिनी यांच्या गटाने दाखवलं. आरएनेज एलएसच्या शेजारी ठेवून बघ: तिथे घोडा दबतो तो उतारा संपल्यामुळे, इथे फेजचं अक्षर ओळखल्यामुळे. सरांनी पुढे विचारलंच तर हा फरक सांग.

---

सात_रस्ता · शुक्र., संध्या. ५:४५

धन्यवाद पॅसेंजर. एमेस्सी_भाग२, पहिल्या स्लाइडवर ते षट्कोनी डोकं आणि कोळ्यासारखे पाय टाकू नकोस, ते सगळ्यांनी बघितलंय. ओम्प-एचे दोन आलेख टाक, लागणीआधी आणि लागणीनंतर. आणि रेगबीवाला मुद्दा प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेव, कुणी ना कुणी 'हे आवश्यकच आहे का' असं विचारणारच.